ज्युनिअर विजेतेपदानंतरची वर्षं



2023 साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णा आणि आपली ऋतुजा भोसले यांनी टेनिसच्या मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. पहिला सेट 2-6 असा गेला होता. दुसरा त्यांनी 6-3 घेतला आणि निर्णायक टायब्रेक 10-4 असा जिंकला. दुसऱ्या दिवशी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतून ऋतुजाबद्दल भरभरून आलं, ते यायलाच हवं होतं. आज मला सुरुवात करायची आहे ती त्या सामन्यात जाळीच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुलीपासून. तैवानच्या लिआंग एन-शुओपासून.

2018 च्या जानेवारीत या मुलीने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये ज्युनिअर मुलींची एकेरी जिंकली आणि दुहेरीही जिंकली. एकाच आठवड्यात ग्रँड स्लॅमचे दोन करंडक. ऋतुजाच्या खात्यात असा एकही ज्युनिअर करंडक नाही. ती अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकली, तिथल्या संघाकडून खेळली आणि मग व्यावसायिक स्पर्धांकडे वळली. साडेपाच वर्षांनी दोघी समोरासमोर आल्या तेव्हा जुन्या करंडकांचा एक गुणही कुणाच्या खात्यात जमा नव्हता.

ज्युनिअर ग्रँड स्लॅम जिंकलेल्या मुलीचं नाव काही वर्षांनी निघालं की आपण हमखास विचारतो, ‘पुढे काय झालं तिचं?’ विचारण्याच्या सुरातच निकाल लागलेला असतो. मुलगी फुकट गेली, असा. हा निकाल अन्यायाचा आहे असं माझं ठाम मत आहे आणि ते का, हे आज तुमच्यासमोर मांडायचं आहे.

आधी इतिहास काय सांगतो ते पाहू. 1980 पासून विम्बल्डनची ज्युनिअर स्पर्धा जिंकलेल्या मुलींपैकी पुढे महिला एकेरीत विम्बल्डन जिंकणाऱ्या फक्त चार. मार्टिना हिंगिस, अमेली मॉरेस्मो, ॲश्ली बार्टी आणि इगा श्वीऑनटेक. पंचेचाळीस वर्षांत चार. उलट बाजूही पाहा. व्हीनस आणि सेरेना या विल्यम्स भगिनींना त्यांच्या वडिलांनी लहानपणीच ज्युनिअर स्पर्धांतून बाहेर काढलं होतं. सेरेनाने पुढे एकेरीची 23 ग्रँड स्लॅम विजेतेपदं मिळवली. आणि 2017 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर मुंबई ओपन जिंकून गेलेली एकोणीस वर्षांची उंचीपुरी मुलगी ज्यांना आठवते, त्यांनी तिचं पुढचं नाव ऐकलंच आहे. अरिना सबालेंका. ज्युनिअर ग्रँड स्लॅम तिने कधी जिंकलं नव्हतं. पुढे ऑस्ट्रेलियन ओपन दोनदा आणि अमेरिकन ओपन दोनदा तिने जिंकलं.

म्हणून ज्युनिअर विजेतेपद निरर्थक ठरतं का? मुळीच नाही. हालेप, हेनिन, गॉफ या तिघींनी फ्रेंच ओपनची ज्युनिअर स्पर्धा जिंकली होती आणि तिघीही पुढे महिलांमध्ये ग्रँड स्लॅम विजेत्या झाल्या. त्या करंडकाने एवढंच सिद्ध होतं की तेराव्या ते अठराव्या वर्षांच्या टप्प्यात, त्या आठवड्यात, ही मुलगी बरोबरीच्या मुलींमध्ये सर्वांत चांगली खेळली. पण त्या वयात एकीची उंची चौदाव्या वर्षीच पूर्ण वाढलेली असते आणि दुसरीची सतराव्या वर्षापर्यंत वाढत राहते. कुणी नुसती न चुकता चेंडू परतवत राहून सामने काढते. व्यावसायिक स्पर्धेत तिच्यासमोर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची बाई येते. तिची सर्व्हिस जड असते, तिचं घर या खेळावर चालतं आणि मुलीचा दुबळा बॅकहँड ती दुसऱ्याच गेममध्ये हेरते.

या संदर्भात मला चेक प्रजासत्ताकाच्या प्लिस्कोव्हा जुळ्या बहिणींचं उदाहरण सर्वांत बोलकं वाटतं. जन्म एकाच दिवशी, 21 मार्च 1992. एकच घर, एकच गाव. 2010 साली कॅरोलिनाने ऑस्ट्रेलियन ओपनची ज्युनिअर स्पर्धा जिंकली आणि क्रिस्टिनाने त्याच वर्षी विम्बल्डनची. पुढे कॅरोलिना 2017 मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. ग्रँड स्लॅमच्या दोन अंतिम फेऱ्या खेळली. क्रिस्टिनाची मजल पस्तिसाव्या क्रमांकापर्यंत गेली. तिची डावखुरी सर्व्हिस काय ताकदीची होती! 2016 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एका सामन्यात तिने 31 एस मारले. महिलांच्या टेनिसमधला तो विक्रम, आणि तो सामना ती हरली. जगात पस्तिसावी असणं ही किती मोठी गोष्ट आहे याचा विचार करा. भारताच्या सानिया मिर्झाचा एकेरीतला सर्वोच्च क्रमांक सत्तावीस, आणि त्याच्या जवळपास आपली दुसरी कोणतीही मुलगी अजून पोहोचलेली नाही. तरी क्रिस्टिनाचं नाव निघालं की लोक ‘बहिणीइतकं जमलं नाही’ असंच म्हणतात.

आता मी जेनिफर कॅप्रियातीवर थोडी रेंगाळणार आहे, कारण आजच्या मुलींचं आयुष्य तिच्यामुळे बदललं. 1989 साली, वयाच्या तेराव्या वर्षी, तिने फ्रेंच आणि अमेरिकन ओपनच्या ज्युनिअर स्पर्धा जिंकल्या. चौदा वर्षं पूर्ण व्हायच्या आत, मार्च 1990 मध्ये, ती व्यावसायिक झाली. पहिल्याच स्पर्धेत अंतिम फेरी. त्याच वर्षी फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी. 1992 मध्ये बार्सिलोनाला स्टेफी ग्राफला हरवून ऑलिंपिक सुवर्ण. कराराच्या कागदांवर तिचं नाव होतं आणि कॅमेरे सतत तिच्या मागे होते. मग 1993 च्या अमेरिकन ओपनमध्ये पहिल्याच फेरीत हार झाली आणि ती कोर्टवरून दिसेनाशी झाली. दुकानातून वस्तू उचलल्याचा आरोप आला, 1994 मध्ये अमली पदार्थ बाळगल्याबद्दल अटक झाली. तिचा त्या वेळचा पोलिसांनी काढलेला फोटो जगभर छापला गेला. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. आपल्याकडे या वयाची मुलगी बारावीचा निकाल लागून कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेत उभी असते.

त्यानंतर महिलांच्या टेनिस संघटनेने वयाचा नियम कडक केला. चौदाव्या वर्षाआधी व्यावसायिक स्पर्धा नाही, त्यानंतर अठरा पूर्ण होईपर्यंत दर वर्षी ठरावीकच स्पर्धा, 2019 मध्ये पंधराव्या वर्षी साधारण दहा. त्याच वर्षी पंधरा वर्षांच्या कोको गॉफने विम्बल्डनमध्ये व्हीनसला हरवलं, तेव्हा हा नियम तिच्यासाठी शिथिल करा अशी बरीच ओरड झाली. तो टिकला, हे मला फार बरं वाटतं. त्या नियमामागे एका मुलीचं उद्ध्वस्त झालेलं वय आहे.

कॅप्रियाती परत आली. 2001 चं ऑस्ट्रेलियन ओपन तिने जिंकलं, अंतिम फेरीत हिंगिसला हरवून. त्याच वर्षी फ्रेंच ओपन, तिसऱ्या सेटमध्ये क्लायस्टर्सवर 12-10 अशी मात करून. पुढच्या वर्षी मेलबर्नमध्ये पुन्हा हिंगिस, भर उन्हात, चार मॅच पॉइंट वाचवून. त्या दोन्ही ऑस्ट्रेलियन अंतिम सामन्यांत जाळीच्या दोन्ही बाजूंना एकेकाळच्या बालविजेत्या उभ्या होत्या. हिंगिसने तर फ्रेंच ओपनची ज्युनिअर स्पर्धा बाराव्या वर्षी जिंकली होती आणि सोळाव्या वर्षी ती जगात पहिली होती. घोट्याच्या दुखापतींनी बाविसाव्या वर्षी तिने पहिल्यांदा निवृत्ती जाहीर केली.

ॲश्ली बार्टीने या वाटेवर थांबण्याचं धाडस आपणहून केलं. 2011 चं विम्बल्डन ज्युनिअर तिने पंधराव्या वर्षी जिंकलं. ऑस्ट्रेलियातल्या मुलीला टेनिसच्या हंगामासाठी महिनोन्महिने युरोप-अमेरिकेत राहावं लागतं, वर्षातले मोजके आठवडे ती घरी असायची. 2014 च्या अमेरिकन ओपननंतर, अठराव्या वर्षी, तिने रॅकेट खाली ठेवली. मग ती क्रिकेट खेळली. ब्रिस्बेन हीटकडून महिलांच्या बिग बॅशमध्ये पदार्पणात 27 चेंडूंत 39 धावा केल्या. 2016 मध्ये ती टेनिसकडे परतली आणि पुढे 2019 चं फ्रेंच ओपन, 2021 चं विम्बल्डन, 2022 चं ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलं. मग पंचविसाव्या वर्षी, जगात पहिल्या क्रमांकावर असताना, निवृत्त झाली. सुट्टी घेतली म्हणून तिचं काही बुडालं नाही. उलट ती दीड-दोन वर्षं घरी आणि मैत्रिणींत गेली नसती, तर पुढची तीन विजेतेपदं आली असती असं मला वाटत नाही.

ब्रिटनच्या लॉरा रॉबसनला असं ठरवण्याची संधी शरीराने दिली नाही. 2008 मध्ये चौदाव्या वर्षी तिने विम्बल्डनची ज्युनिअर स्पर्धा जिंकली. घरच्या प्रेक्षकांसमोर जिंकलेल्या मुलीवर एका देशाच्या अपेक्षा येऊन बसल्या. 2012 मध्ये तिने अमेरिकन ओपनमध्ये क्लायस्टर्सला आणि ली नाला हरवलं, अँडी मरेबरोबर ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवलं. पुढच्या वर्षी सत्ताविसाव्या क्रमांकावर होती. मग मनगटाची शस्त्रक्रिया, नंतर कमरेच्या सांध्याच्या. 2022 मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी ती निवृत्त झाली. या मुलीला ‘अपेक्षाभंग’ म्हणणाऱ्यांनी मनगटाला पट्टी बांधून एकदा शंभर सर्व्हिस मारून पाहाव्यात.

दुखापतीइतकाच कठीण प्रश्न पैशाचा आहे. व्यावसायिक टेनिसच्या सर्वांत खालच्या पायरीवर पंधरा हजार डॉलरची स्पर्धा असते. ही रक्कम सगळ्या स्पर्धेची. आठवडाभर एकही सामना न हरता करंडक उचलणाऱ्या मुलीला त्यातले दोन-सव्वादोन हजार मिळतात. विमानाचं भाडं, हॉटेल, रॅकेटच्या तारा, प्रशिक्षकाचा खर्च यांतून वजा करा. पहिल्या फेरीत हरली तर जेवणाचा खर्चही निघत नाही. आणि क्रमवारीचे गुण बावन्न आठवड्यांनी गळून पडतात, म्हणजे गेल्या वर्षी जिंकलं तेवढं यंदा पुन्हा जिंकावं लागतं. ग्रँड स्लॅम भरवणाऱ्या देशांतल्या मुलींना घरच्या स्पर्धेत वाइल्ड कार्डने थेट प्रवेश मिळण्याची आशा असते. भारतातल्या किंवा ट्युनिशियातल्या मुलीला ती कुठून असणार?

ट्युनिशिया म्हटल्यावर ओन्स जाबेऊरचं नाव घ्यायलाच हवं. 2011 मध्ये फ्रेंच ओपनची ज्युनिअर विजेती. त्यानंतर पहिल्या शंभरात यायला तिला सहा वर्षं लागली. त्या सहा वर्षांत तिच्याबद्दलही ‘पुढे काय झालं’ असं विचारलं गेलंच असणार. 2022 मध्ये ती विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन या दोन्हींच्या अंतिम फेरीत होती आणि जगात दुसरी होती. ज्युनिअर करंडकापासून अकरा वर्षं. इतकी वर्षं तिच्यामागे कुणीतरी उभं राहिलं.

काहींना दुहेरीत घर सापडतं. 1997 ची विम्बल्डन ज्युनिअर विजेती कारा ब्लॅक आणि 1998 ची कॅटरिना स्रेबोटनिक, दोघी पुढे दुहेरीत जगात पहिल्या झाल्या. आपली सानियाही याच वाटेने गेली. मुंबईत जन्मलेल्या, हैदराबादेत वाढलेल्या सानियाने 2003 मध्ये विम्बल्डनची ज्युनिअर दुहेरी जिंकली होती. मनगटाच्या दुखण्याने एकेरी सोडावी लागली. 2015 मध्ये त्याच विम्बल्डनवर तिने महिला दुहेरी जिंकली आणि जोडीला कोण होती? मार्टिना हिंगिस, 1994 ची ज्युनिअर विजेती, निवृत्तीनंतर परतलेली.

2025 च्या विम्बल्डनचा महिला अंतिम सामना मला अजून अस्वस्थ करतो. श्वीऑनटेकने अमांडा अनिसिमोव्हाला 6-0, 6-0 असं हरवलं. सत्तावन्न मिनिटं. दोघीही ज्युनिअर ग्रँड स्लॅम विजेत्या, इगा 2018 च्या विम्बल्डनची, अमांडा 2017 च्या अमेरिकन ओपनची. अमांडा सतरा वर्षांची असताना फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत खेळली आणि त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, तिचे वडील गेले. तेच तिचे प्रशिक्षक होते. 2023 मध्ये मनाने थकून तिने खेळ काही महिने बंद ठेवला. 2024 च्या विम्बल्डनमध्ये तिला पात्रता फेरीसुद्धा पार करता आली नाही. एका वर्षाने ती सेंटर कोर्टवर अंतिम सामना खेळत होती. एकही गेम न मिळवता हरल्यावर तिने माइक हातात घेतला, सामन्यासाठी आलेल्या आईचे आभार मानताना तिला रडू आवरलं नाही, तरी ती बोलली. दोनच महिन्यांत ती अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचली.

तुमच्यात पालक आहेत, क्लब चालवणारे आहेत, चार पैसे मदत करू शकणारे उद्योजकही आहेत. आपल्याकडे सोळा वर्षांची मुलगी काही जिंकून आली की स्टेशनवर ढोल वाजतात, शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, फलक लागतात. एकोणिसाव्या वर्षी ती सोलापूरच्या किंवा पुण्यात डेक्कन जिमखान्यावरच्या व्यावसायिक स्पर्धेत पात्रता फेरी खेळते, तेव्हा बघायला तिची आई आणि दोन मैत्रिणी असतात. मी त्या बाकांवर बसले आहे. मुलगी स्वतःची बाटली स्वतः भरते आणि हरली की संध्याकाळी पुढच्या गावच्या बसची चौकशी करते. तिला खरी गरज या वर्षांत असते. शाळा सोडायला लावू नका, सुट्टी मागितली तर द्या, विद्यापीठाच्या वाटेने जायचं म्हणाली तर जाऊ द्या. आणि सत्कारासाठी काढलेली वर्गणी तशीच बाजूला ठेवून तिच्या अठराव्या वर्षापासून पुढची तीन वर्षं प्रवासखर्चासाठी द्या, ती जिंको वा हरो.