रोजची एक गोळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



रक्ताचा कर्करोग म्हटले की आपण आशाच सोडतो. माझाही समज तसाच होता. आमच्या कामठीत, आमच्याच गल्लीत बिड्या वळणाऱ्या एका बाईंनी तो बदलला. त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या होत्या. डॉक्टरांनी इमॅटिनिब नावाची रोजची एक गोळी सुरू केली आणि काही महिन्यांतच बाई पुन्हा सूप मांडीवर घेऊन कामाला बसल्या!

ही गोळी २००१ साली अमेरिकेत मान्य झाली. मूळ कंपनीच्या गोळीला महिन्याला लाखाच्या वर खर्च येई. आपल्याकडील कंपन्यांनी तीच आठ-दहा हजारांत दिली. पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने मूळ कंपनीचे अपील फेटाळले आणि स्वस्त गोळीची वाट मोकळी राहिली. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतही कर्करोगावरील उपचार आहेत.

मग अडते कोठे? नागपूर आपल्याला जवळ. पण तपासणीस जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, शिवाय गाडीभाडे. बाईंना बरे वाटू लागले होते. "आता मला काय झालंय?" म्हणत त्यांनी गोळ्या आणणेच सोडले. मला हे ठाऊक होते, भगिनींनो, आणि मी गप्प बसले. सहा महिन्यांत ताप आला, प्लीहा सुजली, रोग उलटला. आज त्यांना दुसरे, अधिक महागाचे औषध चालू आहे. तपासणीस मी त्यांच्याबरोबर जाते. पण ही सोबत मी आधीच करावयास हवी होती.

विदर्भात जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा मुंबईस उपचारासाठी येणाऱ्या कर्करोग्यांना आसरा देते. रोग्याला औषधाइतकाच आधारही लागतो, हे तेथे ओळखले गेले. आपणांस धर्मशाळा बांधता येणार नाही; पण हळदीकुंकवाच्या खर्चातून गाडीभाडे बाजूला काढता येईल. तपासणीच्या दिवशी एकीने सोबत जावे, दुसरीने घरची मुले सांभाळावी. रक्त लागेल तेव्हा आपल्या घरच्या धडधाकट माणसांनी पुढे व्हावे.

आणि एवढेही न जमले, तर जाता-येता दारात उभे राहून विचारावे, "बाई, आजची गोळी घेतली ना?" डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती थांबवायची नाही, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे. मी ते एकदाही सांगितले नव्हते.