हरीण कोणाचे?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सेंट क्रॉय नावाची एक नदी आहे. आपल्या वाटेवर बरेच अंतर ती मिनेसोटा व विस्कॉन्सिन या दोन राज्यांची सीमा होऊन वाहते. दोन्ही तीरांवरचे रान सारखेच, आणि त्या रानातले पांढऱ्या शेपटीचे हरीणही एकच. मनात आले की ते पोहून पलीकडे जाते. परंतु त्याच्या मागावर असणाऱ्या शिकाऱ्याला नदी ओलांडताच कायदा बदललेला आढळतो. मिनेसोटात झाडाखाली मका टाकून हरणाची वाट पाहत बसणे हा गुन्हा आहे. विस्कॉन्सिनात मात्र, जेथे रोगामुळे बंदी घातलेली नाही अशा काउंटींत, दोन गॅलनपर्यंत म्हणजे सुमारे साडेसात लिटर मका टाकण्याची मुभा आहे. एका देशात, एकाच प्राण्याबाबत, असा दुजाभाव का असावा? या प्रश्नाचा आज आपण थोडा विचार करू.

आमिष दाखवून शिकार करणे आपल्याला अपरिचित नाही. मचाणावर बसून, खाली रेडकू बांधून वाघाची वाट पाहणाऱ्या शिकाऱ्यांच्या कथा मागच्या पिढीने चवीने वाचल्या आहेत. अमेरिकेत रेडकाची जागा मक्याने घेतली, एवढेच.

या भिन्नतेचे पहिले कारण इतिहासात आहे. इंग्लंडात रानातली शिकार राजाची आणि जमीनदारांची मानली जाई. ती मिरासदारी अमेरिकेने नाकारली. तेथे असे ठरले की, वन्य प्राणी कोणा एकाचा नव्हे. तो सर्व जनतेचा, आणि जनतेच्या वतीने त्याचा सांभाळ करावयाचा तो राज्याने. 1896 साली ‘गीअर विरुद्ध कनेक्टिकट’ या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व मान्य केले. पुढे 1979 साली राज्याच्या ‘मालकी’ची कल्पना त्याच न्यायालयाने टाकून दिली, परंतु शिकारीचे नियम करण्याचा राज्यांचा अधिकार कायम राहिला. म्हणून हरणाविषयी पन्नास राज्यांचे पन्नास कायदे झाले.

येथे बदकाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. रानबदके कॅनडातून येतात आणि ऋतुमानाप्रमाणे देश ओलांडून जातात. त्यांच्या रक्षणासाठी 1916 साली ब्रिटनने कॅनडाच्या वतीने अमेरिकेशी तह केला आणि 1918 साली त्या तहाला अनुसरून संघराज्याचा कायदा झाला. मिसुरी राज्याने त्याला हरकत घेतली, ती 1920 साली न्यायालयाने फेटाळली. पुढे 1935 पासून धान्य टाकून बदके मारण्यास साऱ्या देशात बंदी झाली. बदकाला परराष्ट्राच्या तहाचे कवच लाभले. हरणाला ते लाभले नाही. ते सीमा ओलांडते खरे, पण कायद्याच्या दृष्टीने ते घरचेच राहिले.

दुसरे कारण जमिनीत आहे. टेक्सास राज्यात जवळजवळ सर्व जमीन, शंभरात सुमारे पंचाण्णव भाग, खाजगी मालकीची आहे. हरीण जनतेचे असले, तरी ते ज्या रानात चरते त्याला कुंपण आहे, आणि आत कोणी यावे हे मालक ठरवतो. हंगामासाठी रान शिकाऱ्यांना भाड्याने देणे हा तेथील शेतकऱ्याचा मोठा आधार आहे. दक्षिण टेक्सासातील काटेरी झुडपे इतकी दाट की, हरीण वीस पावलांवर असूनही दिसू नये. मका विखुरणारी पिंपे तेथे रानोरानी उभी दिसतात, आणि कायद्याला त्याचे वावगे वाटत नाही. याउलट कोलोराडो, मोंटाना या पश्चिमेकडील राज्यांत विस्तीर्ण सार्वजनिक भूमी आहे. तेथे एकाने मक्याचा ढीग घातला तर तो सर्वांच्या रानातले हरीण आपल्याकडे ओढून घेतो. म्हणून तेथे आमिषाला बंदी आहे.

तिसरे कारण नीतीचे आहे. 1887 साली थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने बून अँड क्रॉकेट क्लब स्थापन झाला. जनावराला निसटण्याची संधी असलीच पाहिजे, ही त्या मंडळींची शिकवण. भुकेल्या प्राण्यापुढे अन्न मांडून त्याला टिपणे यात कसले कौशल्य, असे या पंथाचे शिकारी विचारतात. त्यावर दुसऱ्या पक्षाचे उत्तरही ऐकण्याजोगे आहे: स्थिर उभे राहिलेले हरीण एका गोळीत पडते, जखमी होऊन रानात तडफडत नाही, आणि ज्याला चार दिवसांचीच सुटी मिळते, त्याच्या घरी हिवाळ्याचे मांस येते. 2019 साली अलाबामा राज्याने खाजगी जमिनीपुरता आमिषाचा वेगळा परवाना सुरू केला. काल ज्याला दंड होत होता, त्यालाच आज शुल्क भरून मोकळीक मिळाली!

परंतु या साऱ्या वादाला अलीकडे एका रोगाने गंभीर वळण दिले आहे. 1967 साली कोलोराडोतील एका संशोधन केंद्रात पाळलेली हरणे झुरून मरू लागली. तोंडाला लाळ, डोळ्यांत शून्य भाव, आणि दिवसेंदिवस खंगत जाणारी काया. ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हे त्या रोगाचे नाव. प्रायॉन नावाची विकृत प्रथिने त्याला कारण होतात. त्यावर औषध नाही, लस नाही. आणि लाळेवाटे, मलमूत्रावाटे मातीत उतरलेले हे विष वर्षानुवर्षे टिकते. एका ढिगावर दहा हरणांनी तोंड घातले की रोगाला पंगतच मिळते. 2002 साली विस्कॉन्सिनात हा रोग आढळला, आणि रोगग्रस्त भागांत आमिष बंद झाले. मिशिगन राज्याने गुरांच्या क्षयाचा धोका आधीच अनुभवला होता. तेथे खालच्या द्वीपकल्पात 2008 साली बंदी आली, 2011 साली बहुतेक भागांत ती उठली, आणि 2019 साली पुन्हा लागू झाली. ती उठवण्याचे विधेयक विधिमंडळाने संमत केले, तेव्हा 2020 साली राज्यपालांनी ते नाकारले. या बंदीतही अपंग शिकाऱ्यांसाठी ठरावीक दिवसांची सवलत ठेवली, हे त्या कायद्याचे माणुसकीचे अंग म्हटले पाहिजे.

आपल्याकडे काय घडले? 1951 साली तत्कालीन मुंबई राज्याने वन्य पशुपक्ष्यांसाठी आपला स्वतंत्र कायदा केला होता. तो विषय तेव्हा राज्यांचाच होता. पुढे राज्यांच्या ठरावांच्या आधारे संसदेने 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा केला, आणि 1976 च्या घटनादुरुस्तीने हा विषय समवर्ती सूचीत गेला. त्या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला आमिष दाखवणेही येते. आपण एकसूत्रीपणा स्वीकारला, अमेरिकेने स्थानिक अनुभवाला मान दिला. स्थानिक कायद्याला आपल्या मातीची जाण असते, हे खरेच. टेक्सासच्या झुडपांचा नियम मोंटानाच्या माळावर लादणे शहाणपणाचे नव्हे.

मात्र, श्रोतेहो, जमीन, रूढी आणि उत्पन्न ही माणसाची कारणे आहेत. ती राज्याच्या सीमेशी येऊन थांबतात. रोग हे हरणाचे कारण आहे, आणि तो हरणाबरोबर नदी पोहून जातो. एका तीरावर टाकलेल्या मक्याची किंमत पलीकडच्या तीरावरच्या कळपाने मोजावी, हे कोणत्या न्यायात बसते? हरीण जनतेचे, असे अमेरिकेने फार पूर्वी ठरवले. ती जनता नदीच्या एका काठाची की दोन्ही काठांची, हे ठरवणे मात्र अजून राहिले आहे.