फुकट औषधाची किंमत

तात्यापारा ही रायपुरातील मराठी माणसांची जुनी वस्ती. १९६३ साली या शहरात वैद्यकीय महाविद्यालय निघाले. सरकारी इस्पितळात औषध फुकट मिळते, असे आपण इथले शहरवासी सहज म्हणतो. परंतु खेड्यातून येणाऱ्या मजुराचा त्या दिवसाचा रोज बुडतो, सोबत्याचाही बुडतो, वर गाडीभाडे. म्हणून तो दुखणे अंगावर काढतो. आणि अखेर येतो तेव्हा ‘इतका उशीर का केलास?’ म्हणून बोलणीही त्यालाच!

या उशिराचे कारण पुस्तकात सापडत नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ साली काढलेल्या महाविद्यालयात विद्यार्थी पहिल्याच वर्षी पंधरा दिवस खेड्यात मुक्काम करतात. प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपविलेली असतात. पुढेही त्यांची विचारपूस त्यानेच करावयाची. औषध लिहून देण्याइतके ज्ञान अजून नसते. पण पाणी कोठून येते, आजारी बाईला कामातून कोण सोडवतो, हे तो पाहतो.

छत्तीसगडात सिकलसेलचे रोगी पुष्कळ. जन्माबरोबर आलेले हे दुखणे आयुष्यभर सोबत करते. एका दिवसाच्या शिबिराने त्याला काय होणार? तेथे पुन्हा पुन्हा दाराशी येणारा ओळखीचा डॉक्टरच हवा.