शाळेच्या पटावरून नाव कमी होऊ देऊ नका

(पालकांच्या सभेत केलेले भाषण)



आज मी आपणांपुढे कोणत्याही मोठ्या राजकीय प्रश्नावर बोलण्यास उभा नाही. आपल्या घरातील चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा अगर मुलगी उद्या शाळेत जाणार की नाही, एवढाच माझा विषय आहे. तो लहान वाटतो. परंतु आपल्या पुढच्या पिढीने कोणाच्या दारात उभे राहावे, हे त्याच्याच उत्तरावर ठरणार आहे.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतो. मी अनेक वर्षे हायस्कुलात शिक्षक होतो. माझ्या नववीच्या वर्गात आपल्याच वस्तीतील एक मुलगी होती. गणितात ती पहिल्या तिघांत असे. दिवाळीपूर्वी ती आठवड्यातून एक दिवस घरी राहू लागली. पुढे दोन दिवस. मी हजेरीपटावर गैरहजेरीची खूण करीत राहिलो. दिवाळीच्या सुटीनंतर ती आलीच नाही, आणि काही आठवड्यांनी मी तिचे नाव तांबड्या शाईने कमी केले. तिचे घर शाळेपासून वीस मिनिटांच्या वाटेवर होते. ती वाट मी चाललो नाही. मागाहून कळले की, आईबाप ऊसतोडीस गेले तेव्हा धाकट्या भावंडांस सांभाळण्यासाठी त्यांनी तिला बरोबर नेले, आणि उन्हाळ्यात तिचे लग्न लावून दिले. तो पट बंद झाला, पण ती तांबडी रेघ अद्याप माझ्या डोळ्यांसमोरून गेलेली नाही.

ह्यावरून मी एक गोष्ट शिकलो. शाळा एका दिवसात सुटत नाही. ती प्रथम सोमवारी सुटते, मग बाजारच्या दिवशी सुटते, मग सुगीत सुटते, आणि अखेर कायमची सुटते. जो पहिल्या सोमवारी जागा होतो, तोच मूल वाचवितो.

नववीतच धोका का?

शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. परंतु त्याचे संरक्षण सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. दुपारचे जेवण आठवीपर्यंत आणि सरकारची मोफत पुस्तकेही आठवीपर्यंत. पुष्कळ खेड्यांतील शाळा सातवी-आठवीस संपते. हायस्कूल दुसऱ्या गावी असते. म्हणजे ज्या वर्षी अन्न थांबते, त्याच वर्षी अंतर वाढते, आणि त्याच वर्षी मुलाचे हात मजुरीस पुरेसे बळकट दिसू लागतात. त्यात भर अशी की, ह्या कायद्याने आठवीपर्यंत मुलास नापास करून मागे ठेवण्याची पद्धत बंद केली होती. २०१९ साली पाचवी व आठवीपुरती तीत दुरुस्ती झाली. त्यामुळे वाचन कच्चे राहिलेले कित्येक मूल नववीत एकदम नापास होते, लाजते, आणि लाजेपोटी घरी बसते. तेव्हा ‘आमच्या पोराचे डोके चालत नाही’ असे म्हणण्यापूर्वी, त्यास सरळ वाचता येते की नाही, हे सहावी-सातवीतच पाहा.

ऊसतोडीच्या कुटुंबांची अडचण मी जाणतो. मुकादमाची उचल घेतली की जोडप्यास जावेच लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोळी निघते, मार्च-एप्रिलात परतते. म्हणजे सहामाहीपासून वार्षिक परीक्षेपर्यंतचा सारा काळ फडावर जातो. पण मुलाने टोळीबरोबर गेलेच पाहिजे असे नाही. समाजकल्याण खात्याची शासकीय वसतिगृहे तालुक्याच्या ठिकाणी आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी सहावी ते दहावीच्या निवासी शाळा आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना निघाली. अर्ज वेळेवर करावा लागतो. तेव्हा उचलीचा अंगठा उठण्यापूर्वी वसतिगृहाच्या अर्जावर सही होऊ द्या.

वसतिगृहाचे मोल

वसतिगृहाचे महत्त्व आपणांस कोणी शिकविले? बाबासाहेबांनीच. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरास वसतिगृह काढले. पुढे १९२८ साली त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, ती मुख्यतः हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांच्या वसतिगृहांसाठी. महाविद्यालये नंतर आली. सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली निघाले. हा क्रम ध्यानात घ्या. हायस्कुलातच मूल गळाले तर महाविद्यालयात कोण जाणार?

आणि स्वतः बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले ते कोणत्या घरातून? परळच्या चाळीतील एका खोलीतून. रामजी सुभेदार मुलास पहाटे दोन वाजता अभ्यासास उठवीत, आणि पुस्तकांसाठी आपल्या विवाहित मुलींकडे पैसे मागण्यासही ते लाजले नाहीत. दोन खोल्या नाहीत म्हणून अभ्यास होत नाही, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

मुलीविषयी दोन शब्द

‘पोरगी वयात आली, वाट सुनसान आहे,’ हे कारण मी शंभर वेळा ऐकले. काळजी खरी आहे. उपाय मात्र खोटा आहे. वाट धोक्याची असेल तर वाटेस सोबत द्या. मुलीस घरी बसविणे हा उपाय नव्हे. बारावीपर्यंतच्या मुलींस एस. टी. चा पास मोफत आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींस सायकली मिळतात. चार मुलींनी मिळून जावे, आणि आठवड्यास एका पालकाने पाळी धरावी. अठरा वर्षांपूर्वी मुलीचे लग्न लावणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. असे लग्न ठरत असेल तर १०९८ ह्या क्रमांकावर कळवा. त्यात लाज नाही.

कागद आणि नापासाची भीती

पुष्कळ शिष्यवृत्त्या कागदाअभावी बुडतात. आपण धर्मांतर केले म्हणून सवलत गेली, अशी भीती कोणी घालील तर त्यास सांगा की, १९९० साली राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला आहे. मात्र पूर्वजांच्या मूळ जातीचा व १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. म्हणून आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना सात-बारा, जन्म-मृत्यूची नोंद, हे सारे एका पिशवीत जपून ठेवा. नववी-दहावीस भारत सरकारची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. तीत निवड झालेल्या मुलास नववीपासून बारावीपर्यंत वर्षास १२,००० रुपये मिळतात. ती परीक्षा मुलास द्यावयास लावा.

आणि दहावीत मूल नापास झाले तर? घरात रडारड करू नका. त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले तरी अकरावीत प्रवेश मिळू शकतो. ज्याची शाळा पूर्वीच सुटली, त्यास सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसता येते. नापास होणे म्हणजे शाळेचा शेवट नव्हे. शेवट आपण घरी करतो.

आता माझी एकच मागणी आहे. प्रत्येक वस्तीत दोन माणसांनी हे काम अंगावर घ्यावे: नववी-दहावीच्या मुलांची नावे वहीत लिहावी, आणि कोणी तीन दिवस शाळेत गेले नाही तर चौथ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन बसावे. रागावू नये, काय अडले ते विचारावे. विहारात रात्री एक दिवा दहा वाजेपर्यंत मुलांसाठी जळत राहावा. ह्यासाठी वर्गणी लागत नाही, पुढारी लागत नाही. मला वीस मिनिटे चालणे जमले नाही. आपण चालावे, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.

जयभीम!