सोडून दिलेल्या माशांची वही

(कामरगाव येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. मुलूख पऱ्हाटीचा, सभेत निम्मे माळकरी, आणि वक्ता बोलणार मासेमारीवर. तीही पोटासाठी नव्हे, शौकासाठी केलेली! माळकऱ्यांना एवढाच दिलासा देतो, की आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्यातले बरेचसे मासे धरून पुन्हा पाण्यात सोडलेले आहेत.

पश्चिमेकडे हा शौक सॅमन माशाभोवती वाढला. स्कॉटलंडच्या टे नदीत १९२२ साली जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीने ६४ पौंडांचा सॅमन गळाने काढला. ब्रिटनमधला तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. कॅनडात कॅम्पबेल नदीच्या मुखाशी १९२४ पासून टायी क्लब आहे. तिथे नुसते पैसे भरून सभासद होता येत नाही. वल्ह्याची होडी, २० पौंडांपर्यंत ताण सोसणारी दोरी, उलटा दात नसलेला एकेरी गळ, आणि एवढ्या सामग्रीवर ३० पौंड किंवा त्याहून मोठा सॅमन धरला तरच नाव दाखल होतं. होडीला मोटार लावली की मासा बाद. माशालाही सुटायची संधी हवी, हा त्या खेळाचा कायदा.

साहेब हिंदुस्थानात आला आणि सॅमनची उणीव त्याने महाशीरवर भागवली. मद्रासकडचा मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं आणि झुंजीत महाशीर सॅमनपेक्षा सरस, असा निर्वाळा दिला. वाघांच्या गोष्टींसाठी आपण ज्याला ओळखतो त्या जिम कॉर्बेटनेही ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’मध्ये एक अख्खं प्रकरण या माशाला दिलं आहे. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने १९४६ मध्ये कबिनी नदीत १२० पौंडांचा महाशीर धरला. म्हणजे ५४ किलो. आपल्या कापसाच्या अर्ध्या क्विंटलहून जास्त.

आता गंमत बघा. ज्या कुबडधारी महाशीरसाठी लोक सातासमुद्रापलीकडून कावेरीवर यायचे, त्याची शास्त्रीय ओळख २०१८ पर्यंत पक्की झालेली नव्हती. केरळातल्या पांबार नदीतून २००७ साली वर्णन केलेली ‘टोर रेमादेवी’ ही जात म्हणजेच तो, हे २०१८ मध्ये ठरलं, आणि त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. बारसं आणि धोक्याची घंटा बरोबरच.

यात महाराष्ट्र कुठे आला? नेमका मध्यभागी.

आपल्या दख्खनचा महाशीर वेगळा. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं. ‘टोर खुद्री’ हे त्याचं शास्त्रीय नाव. धरणं झाली, हा मासा कमी होऊ लागला. तेव्हा लोणावळ्याच्या वळवण तलावावर टाटांच्या वीज कंपनीने सत्तरच्या दशकात त्याचं बीज तयार करायला घेतलं. राज्याच्या मत्स्य खात्याचे माजी संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि पुढे एस. एन. ओगले यांनी ते काम उभं केलं. मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून अंडी थाळ्यात काढायची आणि त्यांवर नराचं रेत मिसळायचं. रोहू-मृगळाची अंडी दिवसभराच्या आत फुटतात. महाशीरची तीन-चार दिवस घेतात. याच उशिराचा फायदा घेऊन ही मंडळी फळलेली अंडी ओल्या कापसाच्या थरांत ठेवून, पाण्याच्या टाकीवाचून, दूरदूर पाठवू लागली. तुमच्या पऱ्हाटीच्या बोंडाने माशांचीही बाळंतपणं केली आहेत, हे आज घरी जाऊन सांगा.

इथवर सगळं कौतुकाचं. पण लोणावळ्याचं बीज राज्याबाहेर गेलं, तसं कावेरीतही पडलं. हेतू चांगला होता. नदीत महाशीर घटलाय, तर महाशीर सोडा. कोणता महाशीर, हे कुणी विचारलं नाही.

कावेरीकाठी गालिबोरे इथे शौकिनांचा तळ होता. हरिगोलात, म्हणजे गोल होडीत, बसायचं, नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा गळाला लावायचा, मासा लागला की तोलायचा आणि सोडायचा. शिवाय वहीत लिहायचं: किती तास गळ टाकला, किती मासे लागले, कोणते, किती वजनाचे. १९९८ ते २०१२ या काळात २३,६२० तासांच्या मासेमारीत ६,१६१ महाशीर धरून सोडल्याचं त्या नोंदींत आहे. सर्वांत मोठा ४६.८ किलोचा. तळ अभयारण्यात होता. पुढे तिथल्या गळाच्या मासेमारीवर बंदी आली, तळ मोडला आणि वही थांबली.

एड्रियन पिंडर, राजीव राघवन आदी संशोधकांनी त्या नोंदी तपासल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापला. तासागणिक लागणारे मासे वाढत होते, वरवर पाहता आनंदीआनंद. पण वाढत होता तो बाहेरून सोडलेला, निळसर परांचा, आकाराने लहान महाशीर, म्हणजे आपला टोर खुद्री. कावेरीचा स्वतःचा कुबडधारी दरवर्षी कमी होत होता. नदीत मासा भरपूर दिसत असताना नदीचा मासा संपत चालला होता, आणि हे सरकारी दप्तरातून नव्हे, शौकिनांच्या वहीतून कळलं.

गळाच्या शौकावर माझे आक्षेप आहेत. करमणुकीसाठी जिवाच्या जबड्यात लोखंड अडकवणं मला रुचत नाही, सोडून दिलं तरी. पण तास आणि जात दोन्ही लिहिणाऱ्या त्या शिस्तीपुढे मी हात जोडतो. नुसत्या किलोंच्या बेरजेत कुबडधारीचं जाणं कधीच दिसलं नसतं.

आपल्या जिल्ह्यातली अडाण नदी पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, आणि ते पाणी प्राणहितेतून गोदावरीत जातं. या खोऱ्यातल्या धरणा-तलावांत आज काय पोहतं? सोडलेले रोहू, कटला, मृगळ, परदेशी सायप्रिनस, आणि १९५२ साली भारतात आणलेला आफ्रिकेचा चिलापी. त्यांनी आपल्या भोई बांधवांची चूल पेटती ठेवली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याआधी जाळ्यात काय यायचं, हे फक्त म्हाताऱ्यांना आठवतं.

म्हणून कॉलेजातल्या मुलामुलींना माझी विनंती आहे. शंभर पानी वही घ्या. बाजाराच्या दिवशी मासळीच्या पाटीशी उभे राहा. गावातल्या नावाने जात लिहा, लांबी लिहा, कोणत्या पाण्यातला ते विचारा, जाळं किती वेळ टाकलं होतं तेही विचारा. आणि गावच्या म्हाताऱ्या भोयांकडे आधी जा. बाजार पुढच्या आठवड्यातही भरेल.