काडेपेटीतला मृगाचा किडा
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि विषय दिला आहे ‘माझा छंद’. दिवसभर मी प्रोग्रॅममधले बग शोधते आणि सुट्टीत गावी आले की मातीतले किडे शोधते. आई म्हणते, दोन्हीकडे किडेच शोधायचे होते, तर इंजिनिअर कशाला झालीस?

जंगलातल्या जमिनीवर, पडलेल्या पानांच्या थरात जे बारीकसारीक असतं, त्याचे मी अगदी जवळून फोटो काढते. आता पडद्यावर दिसतोय तो लाल मखमलीचा गोळा कोणता, सांगा बघू. बरोबर, मृगाचा किडा! पहिला पाऊस पडला की आपण हे किडे शोधायला धावायचो. काडेपेटीत थोडं गवत घालायचं, त्यात किडा ठेवायचा आणि पेटी दप्तरात. कोणाकडे किती, यावरून भांडणं व्हायची. संध्याकाळी पेटी उघडली की किडा पाय आखडून पडलेला असायचा. मग दुसऱ्या दिवशी नवा किडा.

चार वर्षांपूर्वी त्याचा पहिला चांगला फोटो मिळाला, तेव्हा मी त्याचे पाय मोजले. आठ भरले. आपल्या विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं की कीटकाला पाय सहा. म्हणजे हा कीटक नव्हेच. हा कोळी, विंचू, गोचीड यांच्या कुळातला. वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीखाली असतो. पहिल्या पावसानंतर मोजके दिवस वर येतो, तेवढ्यात खातो, जोडीदार शोधतो आणि पुन्हा मातीत जातो. त्याच मोजक्या दिवसांतला एक दिवस आपण त्याला काडेपेटीत काढायला लावत होतो. सर, उत्तर आमच्या दप्तरातच होतं, पण पाय मोजायचं आम्हाला सुचलं नाही.

हे फोटो महागड्या कॅमेऱ्याने काढले असतील, असं बऱ्याच जणांना वाटतं. माझा कॅमेरा जुना आहे. त्याच्यासोबत आलेली साधी लेन्स मी एका कड्याच्या मदतीने उलटी बसवते. उलटी लेन्स भिंगासारखं काम करते आणि तांदळाच्या दाण्याएवढा जीव फोटोभर दिसतो. अडचण एवढीच की इतक्या जवळून स्पष्ट दिसणारी जागा एक मिलिमीटरच्या आसपास असते. डोळा स्पष्ट आला तर पाय धूसर येतात. श्वास घेतला तरी सगळं हलतं. म्हणून पोतं अंथरून कोपरांवर आडवं व्हायचं, फ्लॅशसमोर बटर पेपर लावून उजेड मऊ करायचा आणि वाट पाहायची. शंभरातले पाच फोटो बरे निघाले तरी दिवस चांगला गेला म्हणायचं.

दुसरा प्रश्न हमखास येतो, हे नागझिऱ्याचे फोटो का? नाही. पिटेझरीच्या गेटमधून आत गेल्यावर सफारीत गाडीतून खाली उतरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. वाघाच्या घरात पोटावर झोपायची माझी तयारीही नाही. माझं जंगल म्हणजे आमच्या बांधीच्या धुऱ्यापलीकडचा तुकडा. ऐन, तेंदू, पळस आणि चार मोहाची झाडं. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यावर पुस्तक लिहिलं, मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधला वन अधिकारी म्हणून काम केलं. आपण शाळेत होतो तेव्हा हे सगळं आपल्याच भंडारा जिल्ह्यात होतं, गोंदिया वेगळा झाला १९९९ मध्ये. अशा मुलखात वाढून मी पानांच्या थराला चाळिशीपर्यंत कचराच म्हणत होते.

एकदा ठरवलं, वीतभर लांब, वीतभर रुंद एवढीच जागा बघायची. दोन तास गेले. वरची कोरडी पानं, त्याखाली ओलसर पानं, त्याखाली शिरांची नुसती जाळी उरलेली पानं आणि त्यांना बांधून ठेवणारे बुरशीचे पांढरे धागे. दोन-तीन मिलिमीटरचे जीव टणाटण उड्या मारत होते. पोटाखाली दुमडलेला काटा झटक्यात उघडून ते स्वतःला उडवतात. गोळी होऊन पडलेला एक पैसा किडा होता. पळसाच्या शेंगेतून बाहेर पडणारा कोंब होता. सगळे मिळून पान खात होते, कुजवत होते, त्याची माती करत होते. पावसाळ्यात उगवणाऱ्या सात्या आपण आवडीने खातो ना? वाळवी वारुळात पानाकाडीवर बुरशीची शेती करते आणि पावसात त्या शेतीलाच ह्या छत्र्या फुटतात. पानं नाहीत, काडी नाही, तर वाळवीची शेतीही नाही आणि आपल्या ताटात सात्याही नाहीत.

मागच्या मार्चमध्ये गेले तर तो तुकडा काळा झालेला. राखेत गोगलगायीचे पांढरे शंख पडले होते. मला फार राग आला. तेवढ्यात गावातल्या एक आजी टोपली घेऊन आल्या. मला जमिनीवर वाकलेली बघून म्हणाल्या, “का सोधून रायली वं बाई?” मी म्हटलं, आजी, पानं का जाळली? त्या म्हणाल्या, “पानं जारली नाही तं फूल दिसंल कसं?”

मोहाचं फूल पहाटे गळतं. वाळक्या पानांत ते दिसत नाही, म्हणून झाडाखालची पानं जाळतात. आग कधी तिथेच विझते, कधी पुढे पसरते. आजींच्या घरी त्या फुलांवर दोन महिन्यांचा बाजार चालतो. माझ्या घरी पगार येतो. माझा राग तिथेच संपला. ह्या वर्षी आम्ही दोघींनी पानं बाजूला झाडली आणि जुन्या साड्या शिवून दोन झाडांखाली पसरल्या. एका झाडाखाली फुलं छान मिळाली, माती लागलेली नाही म्हणून आजी खूश. दुसऱ्याखालची साडी वाऱ्याने उडाली, तिथे आजींनी पानं जाळली. पुढच्या वर्षी कडेने दगड ठेवणार आहोत. झाडाखाली जाळी बांधून फुलं गोळा करायची पद्धतही आहे. ती करून बघायचा विचार आहे.

आणि आजींना विचारायचा मला तरी काय अधिकार? दर शनिवारी श्रमदानात आपण शाळेचं मैदान झाडायचो. कडुनिंबाची, चिंचेची पानं मागच्या भिंतीशी ढीग करून पेटवायचो. वर्गप्रमुख म्हणून काडी ओढायचा मान माझा होता. मला त्याचा अभिमान वाटायचा. तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून मी कोणाला दोष देत नाही. पण एका काडेपेटीत मी किडा कोंडला आणि दुसऱ्या काडेपेटीने त्याचं घर जाळलं, हे मला आता माहीत आहे.

म्हणून समारोपाला एक विनंती. शाळेचे आताचे मुख्याध्यापक आणि संस्थेचे पदाधिकारी समोर बसले आहेत, म्हणून धीर करून मागते. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून नवीन फाटक करायचं आपण ठरवलं आहे, ते जरूर व्हावं. त्यासोबत मागच्या भिंतीजवळची दहा फूट जागा सोडा. तिथे पानं जाळायची नाहीत, उचलायची नाहीत, नुसती साठू द्यायची. खर्च काही नाही. वर्गाला दोन भिंगं मी देते. मृग लागला की सुट्टी टाकून मी येईन आणि सहावीच्या मुलांना घेऊन तिथे बसेन. नियम दोनच. उचललेला दगड होता तसा परत ठेवायचा, कारण खाली विंचूही असू शकतो आणि तेही कोणाचं घर आहे. आणि दिसेल त्याला हात न लावता आधी त्याचे पाय मोजायचे.

बाई आणि सर, तुम्ही आम्हाला मोजायला शिकवलंत. जमिनीवर बसायला मला उशीर झाला, तेवढा ह्या मुलांना होऊ नये.