ओटीपोटाचे जुनाट दुखणे आणि मज्जातंतूच्या मुळावरील गाठ
(भाषणाचा मजकूर)



ज्या दुखण्याविषयी घरांतून सहसा बोलले जात नाही, त्याविषयी आज आपणांस चार शब्द सांगावयाचे आहेत. ओटीपोटाचे दुखणे सहा महिन्यांहून अधिक टिकले, तर ते जुनाट समजतात. संकोचामुळे स्त्रिया ते लपवितात. पुढे सोनोग्राफी होते, गर्भाशय निर्दोष आढळते आणि ‘हे मनाचे आहे’ असे ऐकावे लागते.

गर्भाशय, मूत्राशय व आतडी यांची तपासणी आधी झालीच पाहिजे. परंतु ती निर्दोष ठरली म्हणून वेदना खोटी ठरत नाही. ओटीपोटाच्या खालच्या भागाचे अनेक मज्जातंतू कण्याच्या तळाशी, माकडहाडाच्या वर असलेल्या त्रिकास्थीतून निघतात. त्यांच्या मुळाशी कधी कधी पाण्याची पिशवी तयार होते. डॉ. इसाडोर टार्लोव्ह यांनी १९३८ साली तिचे वर्णन केले, म्हणून तिला टार्लोव्ह सिस्ट म्हणतात. मेंदू व मज्जारज्जूभोवती जे पाणी असते तेच हिच्यात असते आणि मज्जातंतूचे धागे तिच्या भित्तीत असू शकतात. ते दाबले वा ताणले गेले की वेदना होतात.

अशा वेदना बसल्याने, फार वेळ उभे राहिल्याने वा खोकल्याने वाढतात. आडवे झाल्यावर पुष्कळदा कमी होतात. बैठकीची जागा व गुप्तांग यांत जळजळ, पायास मुंग्या, लघवीची तक्रार हीही लक्षणे असू शकतात.

निदानासाठी एम.आर.आय. करतात. मात्र कमरेच्या नेहमीच्या तपासणीत मुख्य लक्ष वरच्या मणक्यांकडे असते. त्रिकास्थी पूर्ण पाहिली काय, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. बहुतेक पिशव्या निरुपद्रवी असतात. चित्रात पिशवी दिसली, एवढ्याने कारण सापडले असे होत नाही. पिशवी ज्या मुळावर आहे, त्याच मुळाच्या क्षेत्रात वेदना आहे काय, हे मज्जातंतूंचे डॉक्टर तपासून ठरवितात. तो मेळ बसल्यावाचून शस्त्रक्रियेची घाई करू नये.

मात्र लघवी एकाएकी अडली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली वा पायांतील शक्ती गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

विद्यार्थी मित्रहो, आपली आई किंवा आपा प्रवास टाळते, फार वेळ बसू शकत नाही, तर कारण विचारा. दुखणे कोठे, केव्हापासून, कशाने वाढते, कशाने थांबते, हे तिच्याकडून ऐकून कागदावर उतरवा. जे सांगताना तिची जीभ अडते, ते तो कागद डॉक्टरांना सांगेल. पालकहो, आपण त्या वेदनेवर विश्वास ठेवा. निदानाचा आरंभ तेथूनच होतो.